बिबट्याच्या ड्युटीवर गेलेला इन्फ्रारेड

करडाच्या तोंडात बोट घातलं, तर आत गार लागलं. वर बघितलं. मी कालच लावून गेलेला इन्फ्रारेड बल्ब जागेवर नव्हता.

“सिंधूताई, बल्ब कुठाय?”

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. बबनभाऊंनी छपराकडे.

मी मंचरचा जनावरांचा डॉक्टर. हा गोठा पेठजवळच्या वस्तीवरचा. सिंधूताईंची माहेराहून आलेली शेळी व्यायली आणि दगावली. मागे ही दोन करडं. ती जगली पाहिजेत, एवढंच बाईंचं म्हणणं. नुकत्या जन्मलेल्या करडाला स्वतःचं अंग गरम ठेवणं जड जातं, त्यात आईची ऊब नाही. इन्फ्रारेड हवेपेक्षा समोरचं अंग तापवतो. थंडीत उन्हाला बसतो ना, तसं.

“दाराला लावलाय,” बबनभाऊ शेवटी बोलले. “लाल उजेड दिसला की बिबट्या फिरकत नाय. कडेला ऊस हाय, डॉक्टर. करडं जगवून त्यालाच घालायची व्हय?”

“लाल दिवा दिसला की थांबायला तो काय नारायणगावच्या चौकात गाडी चालवतो?”

“पर आला न्हाई ना रातच्याला?”



सिंधूताई दुधाची बाटली घेऊन आल्या. मी अडवलं. गारठलेल्या करडाला दूध पचत नाही. आधी ऊब, मग दूध. बल्ब काढून आणला, दीड हातावर टांगला, खाली कोरडं पोतं अंथरलं आणि तिथंच बसून राहिलो. दोन चहा झाले. मग थोरलं ओरडलं, धाकट्यानं मान उचलली. सिंधूताईंनी पाजलं तेव्हा दोघं बाटली सोडेनात. मला फार बरं वाटलं.

पण माझी गाडी हलली की बल्ब पुन्हा दाराला जाणार, हे भाऊंच्या तोंडावरच दिसत होतं. म्हणून दवाखान्यातून सिरॅमिक हीटर मागवला. चिनी मातीचा गोळा, तोही इन्फ्रारेडच. बल्ब काढून पिशवीत टाकला, हा बसवला.

भाऊंनी बटण दाबलं. “ह्यो लागतच नाय.”

“हात धरा खाली.”

“तापतोय की. पर उजेड?”

“उजेड नाही देत हा.”

“मंग काय उपेग, राव!” भाऊ लई नाराज झाले.

दाराला जाळी ठोकायला मात्र मी त्यांना राजी केलं. करडं जगली, आता सिंधूताईंचा भाजीचा वाफा खातात. मी हल्ली सगळीकडे सिरॅमिकच देतो. घरात आणखी कशाला उपयोगी पडेल अशी वस्तू आजारी जनावरापाशी टिकत नाही.