काटा एक लाख साठ हजार, तरी हीच गाडी

दूध संकलन केंद्रांवर तपासणीला जायचं म्हणजे मला रोज दीडशे किलोमीटर गाडी चालवावी लागते. जुनी गाडी एकाच महिन्यात तिसऱ्यांदा रस्त्यात बसली तेव्हा साहेब म्हणाले, "मॅडम, आता ऑफिसातलंच काम बघा." मला ऑफिसात बसायचं नव्हतं. म्हणून रविवारी पहाटे मी घाटनांदूरहून दुसरी, वापरलेली गाडी शोधायला निघाले. सोबत सुधाकरमामा होते. तीस वर्षं एसटीचे चालक, तीन वर्षांपूर्वी निवृत्त.

अंबाजोगाईला बस बदलली. मग केज, मांजरसुंबा, पाटोदा, जामखेड करत आष्टी. बाई म्हणून मला अर्धं तिकीट, मामांकडे पास. रस्ता बरा आहे, पण चालकाच्या प्रत्येक ब्रेकला मामाही पाय दाबत होते. उतरताना ते लंगडत होते.

आष्टीच्या दलालानं पांढरी, चकाचक गाडी दाखवली. किलोमीटरचा काटा बेचाळीस हजारांवर.

"गुरुजींची हाय, ताई. घर ते शाळा, शाळा ते घर."

मामांनी वाकून ब्रेकच्या पेडलचं रबर पाहिलं. पार झिजलं होतं.

"गुरुजी लई ब्रेक मारत व्हते का?"

"जपून चालवायचे ना," दलाल म्हणाला.

चक्कर मारायला मी स्टिअरिंगवर बसले, मामा शेजारी, दलाल मागे. कड्याच्या रस्त्याला पहिल्याच फाट्यावर एका आजींनी हात केला. मी थांबले. मघाशी मला न उघडलेलं मागचं दार आजींनी जरा वर उचलून सहज उघडलं आणि दलालाला सरकवून बसल्या.

"काल कावून आला न्हाईत? आमी दोन घंटे हुबं व्हतो."

"ही गाडी रोज येती?" मामांनी विचारलं.

"रोज. बारा माणसं बसत्यात. आज कुटं गेलीत समदी?"

मामा मागे वळले. "गुरुजींची शाळा फिरती हाय का बे?"

आजींना कड्याला सोडलं आणि गाडी दलालाच्या हवाली करून आम्हीही तिथंच उतरलो, कारण दुसरी गाडी कड्यातच होती. आधी इथली झणझणीत शिपी आमटी आणि भाकरी खाल्ली. इकडं आलात तर चुकवू नका, पण पाणी जवळ ठेवा.

दुसरी गाडी रेखाताईंची. त्या रोज नगरला प्रयोगशाळेत नोकरीला जायच्या, आता बदली झाली होती. काटा एक लाख साठ हजार. माझं तोंड उतरलं.

"काटा बघूनच लोक परत जातात," त्या म्हणाल्या आणि बिस्किटाच्या डब्यातून सर्व्हिसिंगच्या सगळ्या पावत्या काढल्या. "एसी खडखडतो. डावं दार ठोकून घेतलंय. बाकी काही नाही."

मामांनी बोनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री केली, मग चालू केलं. धूर बघितला, टायर सारखे झिजलेत का बघितलं आणि वीस मिनिटं नुसतं ऐकलं.

"रोज एका दमात लांब पळालेलं इंजिन हाय. बारा थांबे घेणाऱ्या गाडीपरीस कधीबी बरं."

विमा आणि थकलेले दंड मोबाईलवर तपासले, कागदांवर सह्या झाल्या. किल्ली देताना रेखाताई म्हणाल्या, "तेल वेळेवर बदला," आणि लगेच घरात निघून गेल्या.

जामखेडपासून मामांनी गाडी चालवली. दिवेलागणीला घाटनांदूरला पोचलो, इंजिन बंद केलं, तरी ते उतरेनात.

"काय झालं, मामा?"

"काय न्हाई. निवृत्त झाल्यापासून एवढं लांब चालवलं नव्हतं."

चार महिने झाले, गाडी एकदाही रस्त्यात बसलेली नाही. तरी दर रविवारी मामा येतात, "जरा इंजिन ऐकून बघतो," म्हणतात आणि अंबाजोगाईपर्यंत जाऊन येतात. इंजिनाला काही झालेलं नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत असतं. मी किल्ली देते.