चोर ऐकणारा मिस्त्री

उमरग्याला हायवेच्या कडेला मिस्त्रीचं गॅरेज आहे. माझी पिकअप जुनी झाली, तशी तिच्या ब्रेकला जोर देणाऱ्या व्हॅक्यूमची नळी कुठंतरी हवा घेते आणि ब्रेक दगडासारखा कडक होतो. मिस्त्री त्याला लीक म्हणत नाही. "चोर शिरलाय," म्हणतो. मग शेजारचा रेडिओ बंद करायला लावतो, बाकड्यावरच्या गिऱ्हाइकांना हातानं गप्प करतो, आणि रबरी पाइपाचं एक टोक कानाला लावून दुसरं चालू इंजिनावर हळूहळू फिरवतो. सापडला की डोळे मिटून हसतो. "बोलला बगा!"

परवाही तसाच हसला. एक नळी बदलून म्हणाला, "न्या आता. गेला चोर."

पण मला इंजिनातली फुसफुस स्वच्छ ऐकू येत होती. घाटात भरल्या गाडीचा ब्रेक लागला नाही तर? तरी बाकड्यावरच्या चौघांसमोर हे कसं बोलायचं?

"मिस्त्री, अजून एकदा बगता का? उगं मनात शंका."

त्यानं पाइप एका कानाला लावला, मग दुसऱ्याला. मग माझ्या तोंडाकडं बघितलं. मी नजर चुकवली आणि तिथंच त्याला कळलं.

पाइप माझ्या हातात देत तो म्हणाला, "तुमीच ऐका. मला न्हाय येत आता ऐकू."

बाकडं गप्प झालं. या खेपेला त्यानं हात केला नव्हता.

चोर मला लगेच सापडला. त्याच्याकडं बोट दाखवायला मात्र हात उचलवेना.