पासची लाइन

ऑफिसच्या कपाटात फायली साठतात आणि माझ्या पोटात किस्से. फायली निदान रद्दीत तरी जातात! मी देवळीच्या एका कॉलेजात बडे बाबू. हे किस्से आमच्या मेश्राम मॅडमचे. आधी नागपूरला दवाखान्यात मानसशास्त्रज्ञ, मग प्राध्यापक आणि आता आमच्या प्राचार्य.

*

पहिल्याच आठवड्यात सहा प्राध्यापक टाइमटेबलवरून भांडायला केबिनमध्ये शिरले. मॅडम नुसत्या ऐकत बसल्या. सहाही जण आपसातच भांडले, आपसातच समजूत काढली आणि "थँक यू मॅडम" म्हणून बाहेर पडले!

मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही तर काहीच बोलल्या नाई!"

"मधे जागाच कुठे होती, बाबू?"

*

मग मॅडमनी हौसेनं समुपदेशन कक्ष काढला. खुर्च्या, पडदे, दारावर बोर्ड. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "दिवाळीपर्यंत पोट्टे आले नाई, तर तिथं झेरॉक्स मशीन लावू."

महिनाभरात एकच पोरगा आला.

"मॅडम, इथं मोबाईल चार्जिंग होते काय?"

येणार कोण? गेटसमोरचे किराणावाले गुल्हानेकाका येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे, "त्या खोलीत काऊन जाऊन राह्यला बे? पागल झाला काय?"

*

पुढच्या महिन्यात मॅडमनी माझा शिक्काच काढून घेतला! एसटीच्या पासच्या फॉर्मवर सही-शिक्का आता त्याच खोलीत. एकेकाला आत बोलावून, दार लावून. वीस वर्षं तो शिक्का मी मारला होता. माझं डोकंच फिरलं.

"मॅडम, एका सहीला अर्धा तास?"

"माझा पेन हळू चालतो, बाबू."

पासच्या लाइनीत उभं राहायची मात्र कोणालाच लाज वाटेना.

*

एक दिवस लाइनीत गुल्हानेकाकांची मुलगी प्राची दिसली. घर कॉलेजसमोर! मी सगळ्यांदेखत खेकसलो, "तुले कायले पाहिजे व पास? रस्ता ओलांडाले एसटी लागते?"

पोरगी मान खाली घालून परत निघाली. मॅडम दारात आल्या. "बाबू, फॉर्म भरलाय ना तिनं? मग सही मिळेल."

तासाभरानं प्राची बाहेर आली. डोळे लाल. दारातूनच वळून म्हणाली, "मॅडम, उद्या पण सही घ्याले येऊ?"

मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी तिला पंख्याखाली खुर्ची दिली.

*

दिवाळीच्या आधी अध्यक्ष बघायला आले. लाइन जिन्यापर्यंत!

"इतके पोट्टे बसनं येतात?"

"येतात ना, साहेब!" मी म्हटलं. झेरॉक्स मशीन जिन्याखाली बसली.

*

परवा लाइनीत शेवटी गुल्हानेकाका उभे. दुकान अर्धं उघडं टाकून आले होते. हातात फॉर्म. पोट्टे हसायला लागले, मी डोळे वटारले. काका माझ्या काउंटरवर वाकले आणि हळूच म्हणाले, "बाबूजी, 'कुठून'मध्ये दुकान लिहिलं. 'कुठपर्यंत'मध्ये काय लिहू?"

"कोरं राहू द्या, काका. मॅडम विचारतात."