रॅम्पवरचे दोन बोर्ड

घाटकोपरला आम्ही तळमजल्यावर राहतो. लोक म्हणतात, बरं आहे बाई, लिफ्टची कटकट नाही. पण पाणी भरतं म्हणून बिल्डिंगचं जोतं उंच बांधलंय आणि दाराबाहेर पायऱ्या आहेत. बाबांना अर्धांगवायू झाला, व्हीलचेअर आली, आणि त्या पायऱ्यांनी त्यांना घरात डांबून टाकलं. दिवसभर खिडकीच्या ग्रिलला कपाळ टेकून कंपाउंडकडे बघत बसायचे. मला ते बघवायचं नाही.

एक रॅम्प हवा होता, बस्स. पण आमच्या सोसायटीत दोन पक्षांचे दोन कार्यकर्ते: वरच्या मजल्यावरचे काका आणि मागच्या विंगमधला दादा. काकांनी आणलेला गवंडी दादाने परत पाठवला. दादाने टाकलेली वाळू काकांनी गेटबाहेर काढायला लावली. माझं डोकंच फिरलं. दोघांना घरी बोलावलं, चहा दिला आणि बाबांसमोर बसवलं. "काका, सिमेंट तुमचं. रेलिंग तुझं रे. जमतंय का ते बोला." आणि जमलं की! माझा विश्वासच बसेना.

रॅम्प झकास झाला. मग आले 'सौजन्याने'चे बोर्ड. एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन्हींवर हात जोडलेले आपापले साहेब, आणि लोखंडी खांब रॅम्पच्या तोंडाशी काँक्रीटमध्ये पक्के गाडलेले. नारळ फुटला, टाळ्या झाल्या. इस्त्रीचा शर्ट घालून बसलेल्या बाबांना मी खाली आणायला लागले, तर खुर्ची दोन खांबांच्या मध्ये अडकली.

"आधी त्याला काढायला सांग," काका म्हणाले.

"मीच का म्हणून? त्यांनी काढावा ना!"

"अरे, माणूस अडकलाय इथे! जरा तरी लाज वाटू द्या!" मी ओरडले. दोघंही हलले नाहीत.

आजारानंतर बाबांची जीभ जड झाली होती. एकेक शब्द ओढत ते म्हणाले, "राहू दे. मी गेल्यावर श्रद्धांजलीचा बॅनर लावालच ना? तो तरी दोघं मिळून एकच लावा."

काकांनी मान खाली घातली. दादाने गुपचूप कटरवाल्याला फोन केला. तो आल्यावर आता आधी कुणाचा खांब, यावर पुन्हा जुंपणार असं मला वाटलं. पण काकाच पुढे झाले. "माझा काप आधी," म्हणाले.

बाबा खाली उतरले आणि कंपाउंडमध्ये उन्हात बसले. मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. जेवायची वेळ झाली तशी मी खुर्ची वळवायला गेले, तर त्यांनी चांगल्या हाताने चाक घट्ट धरून ठेवलं.

"थांब गं," म्हणाले. "आत्ताच तर सुटलोय."