स्टेशन बंद कोणी केलं?

आमच्या लालबागच्या घरात ‘गिरणी बंद पडली’ असं कोणी म्हणायचं नाही. पाहुण्याच्या तोंडून चुकून निघालं तर बाबा चहाची बशी खाली ठेवून म्हणायचे, "पडाक ती काय भिंत होती? बंद केली." मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, मराठी घेऊन बी.ए. झाले. तरी हे क्रियापद आजही बाबांच्याच पद्धतीने वापरते.

बाबांच्या गिरणीच्या जागी टॉवर आला. तेव्हापासून बाबांनी त्या रस्त्यावर पाऊल टाकलं नाही. डॉक्टरकडे जायचं तर मागच्या गल्लीतून वळसा. आता गुडघे साथ देत नाहीत, दर दुकानाच्या पायरीवर बसावं लागतं, पण सरळ रस्ता नको म्हणजे नको. टॅक्सीचं नाव काढलं तर, "एवढ्याशाक टॅक्सी? लोक हसतले."

गेल्या वर्षी मी माझ्या लेकीकडे इंग्लंडला गेले होते. तिच्या लहानशा गावात एक बंद स्टेशन आहे. रूळ कधीच उखडलेत, तिथून आता लोक कुत्री फिरवतात. फलाट मात्र जागेवर आहे. गावातली म्हातारी मंडळी शनिवारी येऊन बाकांना रंग देतात, कुंड्यांना पाणी घालतात आणि येईल त्याला स्टेशनचा इतिहास ऐकवतात. एका आजोबांनी मलाही ऐकवला. पहिल्या गाडीला बँड वाजला होता, दुधाचे कॅन इथून जायचे, त्यांचे वडील इथेच सिग्नल द्यायचे. मग म्हणाले, "अँड देन इट क्लोज्ड."

माझ्या तोंडून गेलं, "हू क्लोज्ड इट?"

आजोबांनी मला बाकावर बसवलं आणि मग खरं सांगायला लागले. लंडनमध्ये बसून कोणी तरी ठरवलं की ही गाडी तोट्यात आहे. शेवटच्या गाडीला सिग्नल त्यांच्या वडिलांनाच द्यावा लागला.

परत आल्यावर बाबांना फोटो दाखवले.

"गाडी येणा नाय, मगे रंग कित्याक देतत?"

"त्यांचं स्टेशन आहे म्हणून."

"बंद कोणी केल्यान, विचारलंस?"

"विचारलं."

"बरा केलंस." मग फोटोतला तो हिरवा बाक त्यांनी चष्मा लावून पुन्हा पाहिला.

पुढच्या खेपेला डॉक्टरकडे निघालो. मी सवयीने गल्लीत वळले. बाबा कोपऱ्यावरच उभे.

"सरळ चल गो बाय. गुडघे दुखतत."

गुडघे काही आजच दुखायला लागले नव्हते. मी त्यांचा हात धरून सरळ निघाले.

टॉवरच्या गेटाशी बाबा थांबले आणि कठड्यावर टेकले. तरुण वॉचमन पुढे आला. "किधर जाना है, काका?"

"खय नाय. मी हय कामाक होतंय."

त्याला मालवणी कळेना. मी सांगितलं, "यहाँ मिल थी. उसमें काम करते थे."

"अच्छा. कब बंद पड़ी?"

हातात बशी नव्हती, म्हणून बाबांनी काठी बाजूला ठेवली.

"बैठ," म्हणाले, "बताता हूँ."