दादाची छोटी सीडी

कपाट आवरताना ती उघडी, छोटी सीडी हाती लागली. आजारी दादाला टॉकीजला नेता येईना, म्हणून त्याच्या हातात धरायच्या व्हिडिओ गेमवर चालणारी ही पिक्चरची सीडी बाबांनी अकोल्याहून आणली होती, महागाची. तिच्यावरचं प्लास्टिकचं कवच त्यांना पॅकिंगच वाटलं. घरी येताच त्यांनी ते अडकित्त्याने फोडून काढलं. कवचाशिवाय ती चालत नसे. औषधांच्या वासात उशीला टेकून दादाने ती गेममध्ये ठेवली आणि स्क्रीनकडे बघत मधूनमधून हसत राहिला. त्याच्या मागे उभ्या मला काळी स्क्रीन दिसत होती. "कसा हाय रे पिक्चर?" बाबांनी विचारलं. "लय भारी, बाबा." पुढे दादा गेला. आजही सीडी पाहून बाबा म्हणाले, "महाग पडली, पण पैसे वसूल झाले." मी म्हटलं, "हाव, बाबा."