खाटेवरच्या माणसाचं माप

मांडी मोजणाऱ्या बाईकडे लोक अशा नजरेनं पाहतात ना, की किस्से जमवायला वेगळे कष्ट लागत नाहीत! मी नागपूरच्या एका आयसीयूत आहारतज्ज्ञ आहे. माणूस आजारानं पडून राहिला की त्याचे स्नायू झिजतात. नळीतून दिलेलं खाणं अंगी लागतंय का, हे कळायला मी दर सोमवारी पेशंटची मांडी मोजते. पण खिशातून टेप काढली की नातेवाइकांचे डोळे बारीक होतात. खरं सांगू? माझेही होतात. या कामात कोणाच्या शब्दावर विसंबायची सोय नाही. विश्वास फक्त माझ्या टेपेवर. कित्येक वर्षांची आहे, दर पेशंटनंतर स्पिरिटनं चांगली ओढून ओढून पुसते.

*

मौद्याचे एक आजोबा होते. मुलगा व्हेंटिलेटरवर. मी टेप काढली तसा म्हाताऱ्यानं माझा हातच धरला.

"जित्या माणसाचं माप काहून घेऊन राहिली वं?"

"बाबा, फक्त मांडी मोजते."

"आज मांडी, उद्या लांबी! मले समजत नाही का?"

आता फॉर्मवर लांबीचाही रकाना होता! तो मी गुपचूप रिकामा ठेवला. आजोबा जेवायला खाली गेले तेव्हा भरला.

*

आम्ही मांडीची सोनोग्राफीही करतो, त्यात स्नायूची जाडी दिसते. सक्करदऱ्याच्या एका सूनबाईंनी ते मशीन सासऱ्यांच्या खाटेकडे येताना पाहिलं आणि आडव्या उभ्या राहिल्या.

"सोनोग्राफी? अन् मामाजीची? बाप्पा! डॉक्टरले बोलवा पहिले!"

डॉक्टर आले, त्यांनी सगळं समजावलं. तरी बाई पडद्यावरून नजर हलवेनात. शेवटी माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "एकच आहे ना जी?"

*

दर वेळी माप एकाच जागी यावं म्हणून मी मांडीच्या मधोमध मार्करनं काळा ठिपका देते. एका पेशंटच्या भावाला वाटलं, इथून कापणार! दुसऱ्या दिवशी पाहते तर ठिपक्याशेजारी बॉलपेननं लिहिलेलं : हा पाय चांगला आहे.

मी दुसऱ्या पायावरची चादर सारली. तिथं होतं : हा पण.

*

पण शोभाताईंची सर कोणालाच नाही. खापरखेड्याच्या. नवरा प्लांटवर कामाला, न्यूमोनिया होऊन आमच्याकडे व्हेंटिलेटरवर आलेला. बाई घरी ब्लाउज शिवायच्या. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "मॅडमजी, तुमची टेप कमी दाखवून राहिली."

मी हसले. म्हटलं, आता ब्लाउजवाली मला शिकवणार!

दर सोमवारी माप उतरत गेलं. एकदा डॉक्टर त्यांच्यासमोरच म्हणाले, "अशीच ताकद जात राहिली तर मशीन सुटणं कठीण आहे." शोभाताई नवऱ्याचं अंग पुसत राहिल्या.

पुढच्या सोमवारी माप चक्क दोन सेंटिमीटरनं वाढलं! डॉक्टर खूश. "उद्या मशीन कमी करून पाहू," म्हणाले. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. सूज नाही, काही नाही, आणि पडल्या पडल्या मांडी भरते? गुडघ्यापासून पुन्हा मोजलं. ठिपका चार बोटं वर सरकला होता!

शोभाताईंना बाहेर नेलं. विचारलं.

"हो जी. अंग पुसताना पुसला अन् वर लावला. तिथं मांडी भरल्यासारखी दिसते."

मी तापले. "अहो, या मापावर उपचार ठरतात!"

"माप उतरलं का डॉक्टर तोंड पाडते, मॅडमजी. तोंड पाडलेला माणूस कोणाले काय वाचवते?"

मी डॉक्टरांना खरं ते सांगितलं. त्यांनी फाइल मिटली. मग म्हणाले, "उद्याचं ठरलंय ते करू. मांडी राहू द्या, श्वास काय म्हणतो ते पाहू."

तिसऱ्या प्रयत्नात मशीन सुटलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. सांगायला कसली लाज?

*

दोन महिन्यांनी ओपीडीत दोघं आले. नवरा स्वतःच्या पायांनी चालत! लुंगी वर केली तर मांडीवर ताजा काळा ठिपका.

"मीच लावला," शोभाताई म्हणाल्या. "बरोबर मधोमध. तपासा."

तपासला. बरोबर होता. मी मांडीभोवती टेप लावली. बेचाळीस.

शोभाताईंनी पर्समधून आपली टेप काढली, त्याच ठिपक्यावर लावली. त्रेचाळीस.

"तुमची बरोबर कशावरून?" मी म्हटलं. संशय काय त्यांच्याच घरचा आहे?

त्यांनी टेबलावरची स्टीलची पट्टी उचलली आणि आधी आपली टेप तिला लावली. तंतोतंत. मग माझी लावली.

तीस सेंटिमीटरची पट्टी संपली, तरी माझ्या टेपेवर तीसचा आकडा आला नव्हता. शोभाताई माझ्याकडे पाहून म्हणाल्या,

"हिनं आजपर्यंत किती जणाले मापलं जी?"